पावसाळ्याचा डोस

सोनकांबळे, वाद अर्ध्यावर टाकून गाडीला किक मारायची ही तुमची जुनी खोड. मी तावातावानं बोलत असायचे, तुम्ही हेल्मेटचा पट्टा लावायचात, "बाई, बाकीचं उद्या" म्हणायचात अन चालते व्हायचात. माझा निम्मा मुद्दा तिथंच व्हरांड्यात राहायचा. आताही तेच केलंत. मागच्या आठवड्यात तुमच्या मुलीचा फोन आला. "बाई, पप्पा गेले. झोपेतच." अन माझ्या तोंडून काय निघावं? "असे कसे गेले, माझं बोलणं राहिलंय की!" मग मला माझीच लाज वाटली, अन रडू आलं ते वेगळंच.

दुःख आहेच हो. पण खरं सांगते, राग जास्त आहे. तुमचा आहे, माझा त्याहून जास्त आहे, अन जिल्ह्याच्या ऑफिसातल्या त्या कपाटाचा आहे, जिथं माझं एक वाक्य तुमच्या फायलीत आजही पडून आहे. ते वाक्य कुणाचं हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. अन तरी इतकी वर्षं आपण फोनवर काय बोललो? पाऊस, गुडघे अन नातवंडं. शाब्बास आपली!

हे दुसरेही वाचतील, तेव्हा तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते, मधे बोलू नका. माहूरच्या डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात आपण अठरा वर्षं होतो. तुम्ही आरोग्यसेवक. गाडीवरून वस्त्यावस्त्यांना जायचं, त्या भागात वस्तीला गुडा म्हणतात, तिथं कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा अन काच माझ्याकडं आणायची. मी प्रयोगशाळेतली. काच रंगवायची, मायक्रोस्कोपखाली धरायची अन हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत ते सांगायचं. तुम्ही बिलोलीचे, मी शिरूर अनंतपाळची. दोघंही आपापल्या घरापासून दूर, अन दोघांनाही तोंड मोठं.

गुड्यातली पोरं तुम्हाला सुईमामा म्हणायची. तुमची फटफटी ऐकली की पळसाच्या झाडामागं दडायची, अन सुई टोचून झाली की तुमच्याच मागं लिमलेटच्या गोळीसाठी धावायची. तुमच्या हाताला एक गुण होता, तो मी कुठल्या डॉक्टरातही पाहिला नाही. पोराच्या डाव्या बरगडीखाली, हिवतापात प्लीहा सुजते तिथं, दोन बोटं लावायचात अन सांगायचात, "पानथरी वाढलीय, बाई. काच बघा नीट. हाय म्हणजे हाय." मी काच बघायचे. जंतू असायचा. मला त्याचाही राग यायचा, कारण माझ्याआधी तुम्हाला कळलेलं असायचं.

आपला वाद लागला तो तुम्ही नांदेडहून ट्रेनिंग करून आलात त्या दिवशी. सगळे ट्रेनिंगहून पिशवी अन पेन घेऊन येतात, तुम्ही एक गोष्ट घेऊन आलात. तिथं कुणीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, की आफ्रिकेतल्या काही देशांत पावसाळा लागला की लहान पोरांना दर महिन्याला हिवतापाच्या गोळ्या देतात. ताप असो नसो. डासाचे महिने संपेपर्यंत.

"ताप यायच्या आधीच, बाई! अन आपण काय करून राहिलो? पोरगं फणफणलं की मग काच घेऊन पळतो. निम्म्यांच्या घरी पोचेस्तोवर तीन दिवस झालेले असतात."

"आजार नाही अन औषध?" मी म्हणलं. "अन अंगाची तयारी कशी व्हायची मग? जंतूची गाठ पडल्याशिवाय अंग लढायला शिकत नाही. पावसाळाभर गोळ्या, वर्षामागून वर्षं गोळ्या, अन एक दिवस बंद. मग? पोरांच्या अंगाला कुबडीची सवय लागेल, सोनकांबळे. कुबडी काढली की पडतील."

"लढाया शिकाया पोरगं ऱ्हायलं तर पाहिजे का न्हाई?" तुम्ही म्हणालात, अन किक मारलीत.

कुबडी हा माझा शब्द. कुठून सुचला देव जाणे, पण मला तो फार आवडला. पुढं वर्षभर मी तो चहाबरोबर रोज तुम्हाला वाढला. तुम्ही म्हणायचात, "बाई, तुम्हाला तुमचंच बोलणं लई गोड लागतं." तेव्हा मी चिडायचे. आज त्यावर सही करते.

मग ते नवे साहेब आले. कोवळं पोर, नुकतं डॉक्टर झालेलं, उत्साह दांडगा. तुम्ही त्यांच्या मागं लागलात. एका गुड्यात तरी करू, साहेब. अकरा पोरं हायत पाच वर्षांच्या आतली, रस्ता पावसात बंद ऱ्हातो, म्या स्वतः जाऊन देतो. साहेब म्हणाले, "करा. बघू." कागद काही दिला नाही. आपल्याकडं चांगल्या कामाची परवानगी तोंडी मिळते अन चौकशी तेवढी लेखी येते. मी तुम्हाला म्हणाले होते, आधी लिहून घ्या. तुम्ही म्हणालात, साहेब शब्दाचा पक्का हाय.

तेवढं मात्र कबूल, मला अंधारात ठेवून केलं नाहीत. पहिल्या दिवशी गोळ्या घेऊन निघताना मुद्दाम माझ्या खिडकीशी थांबलात. "चाललो कुबड्या वाटाया," म्हणालात. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. ओढ्याला पाणी असलं की गाडी अलीकडं लावून, पँट गुडघ्यावर गुंडाळून जायचात. त्या चार महिन्यांत त्या गुड्यातल्या लहान पोराची एकही काच माझ्याकडं पॉझिटिव्ह आली नाही. अन मी शोधत होते, सोनकांबळे. एक जंतू सापडावा म्हणून मी डोळे फोडून त्या काचा बघितल्या. पोरांना ताप यावा असं कुणी म्हणतं का? मी मनातल्या मनात म्हणत होते. तुम्ही संध्याकाळी दारातून विचारायचात, "काय बाई, घावला का?" मी मान हलवायचे. तुम्ही हसायचात. त्या हसण्यानं माझं जेवण जायचं नाही.

दिवाळीला गोळ्या थांबल्या. डास अजून होते, पण कमी, अन तुमच्याकडच्या गोळ्याही संपल्या होत्या. त्यातच तुम्हाला मतदारयादीच्या कामाला जुंपलं, दूर दुसऱ्या टोकाला, वीसेक दिवस. तुम्ही बोंब मारलीत, कुणी ऐकली नाही. अन त्या वीस दिवसांतच रेणूला ताप आला. भीमाबाईची रेणू, तीन वर्षांची, त्या अकरांतली. सुई टोचली तरी न रडणारी. तुम्हीच सांगायचात तिचं कौतुक.

भीमाबाईनं तीन दिवस तिला घरी ठेवलं. चौथ्या दिवशी जीपमधून आणली तेव्हा पोरीला झटके चालू होते. काच माझ्यासमोर आली. ती काच मी आजही विसरत नाही, जिकडं बघावं तिकडं जंतूच. मी भीमाबाईवर ओरडले. "तीन दिवस काय करत होतीस गं? आणायचं नाही का?" तिला मराठी बेताचीच. म्हणाली, "डोस झालाय की, बाई. चार बार झालाय. सुईमामानं दिलाय."

रेणू नांदेडच्या वाटेवर गेली, हदगावच्या अलीकडं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी यादीचं काम टाकून आलात. मी तुम्हाला बसूही दिलं नाही. आठवतं? सगळ्यांसमोर बोलले. "डोस कशाला म्हणालात त्याला? तिच्या लेखी डोस म्हणजे पोलिओचा डोस! दोन थेंब पाजले, नखाला शाई लावली, दारावर खडूनं खूण केली, की झालं, पोरगं पक्कं झालं. डोस उतरतो असं तिनं उभ्या जन्मात ऐकलेलं नाही. तुम्ही तिला सांगितलंत का, की हा डोस महिनाभराचा, पुढं अंग गरम लागलं तर त्याच दिवशी पळत ये? सांगितलंत का?"

तुम्ही खाली बघत होतात. तसेच म्हणालात, "न्हाई सांगितलं. मला वाटलं, म्या हायच की."

इथंच थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. कारण इथपर्यंत मी खरं बोलत होते. चूक कुठं झाली ते मला नेमकं कळलं होतं. एका शब्दाचा घोटाळा झाला, तीन दिवस वाया गेले, अन ज्या माणसाला ते तीन दिवस वाचवता आले असते तो नावं खोडत अन भरत कुठल्या तरी शाळेत बसवलेला होता. बस, एवढंच होतं.

चौकशी आली. साहेब म्हणाले, "मला कल्पना नव्हती, कर्मचाऱ्यानं परस्पर केलं." शब्दाचे पक्के साहेब! तुम्ही त्यांच्याकडं बघितलंतही नाही. मग अधिकाऱ्यांनी मला आत बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला. अन म्हणाले, "मॅडम, तुम्ही तांत्रिक माणूस. यात तुमचं शास्त्रीय मत काय?"

सोनकांबळे, अठरा वर्षांत मला कुणी मत विचारलं नव्हतं. काच बघा, सही करा, पुढची काच. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी खुर्ची देऊन मत विचारलं अन मी फुगले. डोसाचा घोटाळा, यादीचं काम, साहेबांचं तोंडी 'करा, बघू', सगळं बाजूला राहिलं. हे सांगण्यात काय शास्त्र? ते तर कुणीही शिपाई सांगेल. मी माझं लाडकं वाक्य काढलं. म्हणाले, गोळ्यांनी पोरांची स्वतःची प्रतिकारशक्ती तयारच होत नाही, अंगाला कुबडीची सवय लागते, कुबडी काढली की पोर पडतं, तसं झालं असणार. अधिकारी खूश. "वा, हे लिहून घ्या," म्हणाले.

असणार म्हणाले मी. कागदावर येताना 'असणार' गेलं. अहवालात आलं, "प्रतिबंधात्मक गोळ्यांमुळे बालकाच्या शरीरास कुबडीची सवय लागून नैसर्गिक प्रतिकारशक्ती खुंटली व त्यामुळे मृत्यू ओढवला." म्हणजे तुम्ही पोर मारली, असं सरकारी मराठीत.

अन उरलेली दहा पोरं? त्यांच्या काचा माझ्याकडंच येत होत्या. त्या हिवाळ्यात दोघांना ताप आला, आयांनी भिऊन त्याच दिवशी आणलं, औषध झालं, चार दिवसांत उड्या मारत घरी गेली. बाकीच्या आठांना काहीच झालं नाही. कुबडी काढल्यानं पोरं पडतात तर ही दहा का पडली नाहीत? हे त्या चौकशीत कुणी विचारलं नाही, अन मी आपणहून सांगितलं नाही. मला तेव्हाच माहीत होतं, हो. नंतर कळलं असं म्हणून सुटायची सोय मला नाही.

बदलीचा हुकूम अन अहवालाची प्रत तुम्हाला एकदमच मिळाली. तुम्ही व्हरांड्यात उभ्यानं वाचत होतात. मी खिडकीतून बघत होते. मधेच तुमचं बोट थांबलं. कुठल्या शब्दावर थांबलं ते मला तिथून दिसत नव्हतं, पण कळलं. तुम्ही वर बघितलंत, माझ्याकडंच. मी काच पुसायला लागले. तुम्ही कागदाची घडी केलीत, खिशात घातलीत अन खिडकीशी आलात. म्हणालात, "चला बाई, तुमच्या माहेराकडं निघालो. शिरूर अनंतपाळ. काई निरोप हाय का?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळं व्हायचं सोडून हा माणूस माहेरी काही निरोप आहे का विचारतो! मी म्हणाले, "भावाला सांगा, बरी आहे." खरंच तुम्ही जाऊन सांगितलंत. दादाचा फोन आला, फार भला माणूस आहे गं तुमच्याकडचा, चहा घेऊन गेला.

बोटांनी पानथरी ओळखणारा माणूस, अन त्याला धाडलं कुठं, तर जिथं हिवताप औषधाला सापडत नाही तिथं. सात वर्षं तुम्ही माझ्या माहेरात डासांच्या अळ्यांसाठी लोकांचे रांजण तपासत फिरलात. तुमचे फोन आठवतात. "बाई, तुमच्या माहेरची माणसं बोलतात ग्वाड, पण रांजण काय पालथा घालीनात. आठव्या रोजाला कोरडा दिवस पाळा म्हणलं तर एक म्हातारी म्हणती, लेकरा, नळाला पाणीच पंधरा दिसांनी येतंय, आमचे सगळेच दिवस कोरडे हायत. काय बोलावं तिला?" मग तुम्ही हौदाहौदांत गप्पी मासे सोडत सुटलात. डासाच्या अळ्या खातात म्हणून. दादाच्या हौदातही सोडलेत. पोरं तिथंही मागं लागली असतील तुमच्या. मी हसायचे फोनवर. हसून झालं की मी म्हणायचे, बरं ठेवते, दूध उतू जातंय. माझ्या घरी त्या सात वर्षांत फार दूध उतू गेलं, सोनकांबळे.

तुम्ही रिटायर होऊन बिलोलीला गेलात, मी नांदेडला घर केलं. मागच्या वर्षी नातीला लस द्यायला बालरोगतज्ज्ञांकडं नेली होती. गर्दी नव्हती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की पावसाळ्यात लहान मुलांना हिवतापाच्या गोळ्या दिल्या तर त्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती मरते का? सहज कसलं, दहा-बारा वर्षं विचारायचं राहिलेलं होतं ते.

डॉक्टर नीट बोलले. म्हणाले, जंतूशी गाठ कमी पडली की रक्तातली त्याची ओळख थोडी कमी भरते, हे खरं. गोळ्या घेणाऱ्या मुलांत तसं दिसतं. पण ती पुसली जात नाही. गोळ्या चालू असतानाही डास चावतात, थोडीफार गाठ पडतच राहते. बंद केल्यावर पुढच्या वर्षी ताप जरा जास्त दिसू शकतो, म्हणून लक्ष ठेवायचं. त्यानं मूल उघडं पडतं असं नाही. अन हिवतापाविरुद्धची अंगची ताकद ही वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा ताप काढून येते, एका पावसाळ्याच्या गोळ्यांनी ती जायला आधी ती असायला तर हवी. मग म्हणाले, "तुमच्या डोंगरात हिवताप आफ्रिकेइतका नाही. तिथं ना तशी ताकद तयार होते, ना त्या गोळ्यांची तशी गरज. तापाच्या पहिल्या दिवशी तपासणी अन पूर्ण औषध, हाच उपाय."

म्हणजे तुम्हीही पुरते बरोबर नव्हतात, ऐकताय ना? हे मला तुम्हाला ठासून सांगायचं होतं. तुमची योजना तिकडची होती, आपल्या गुड्याला मोठ्या माणसाचा सदरा झाला होता. पण तुमचं चुकलं त्यानं कुणी मेलं नाही. माझं चुकलं त्यानं तुमच्या नावावर एक पोर मारल्याचं लागलं. मी चपला घालेपर्यंत रडत होते. नात विचारत होती, आजी, सुई तर मला टोचली ना?

त्याच दिवशी फोन करायला हवा होता. नाही केला. म्हणाले, फोनवर काय, समोर जाऊन सांगू. उन्हाळा संपू दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. रस्त्याचं काम होऊ दे. बिलोली काय चंद्रावर होती?

मग दोन महिन्यांपूर्वी तुमचाच फोन आला. आवाज एकदम खुशीत. "बाई, न्हाणीत घसरून पडलो होतो. पाय मोडला. कुबडी घेतली व्हती काखेत, दीड महिना. आज सोडली बघा." मी म्हणाले, अरे देवा, कळवलं नाहीत ते? तुम्ही म्हणालात, "ऐका तर. कुबडी सोडली अन पाय काय चालायचं इसरला न्हाई. जरासा लंगडतोय. पण चालून राहिलाय, बाई!" अन मोठ्यानं हसलात. मी म्हणाले, "कॅल्शियमच्या गोळ्या घ्या, अन न्हाणीत रबरी चटई टाका." मग म्हणालात, "बरं बाई. बाकीचं उद्या."

ते आपलं शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. एवढ्या वर्षांत जे पाय उचलले नाहीत ते आता उचलले. अर्ज लिहून नेला होता, की सदर अहवालातील कुबडीचे वाक्य माझे असून ते चुकीचे आहे, मृत्यूचे कारण उपचारास झालेला उशीर हे होते, व सदर कर्मचारी यांस मी दोषी ठरवले ही माझी चूक आहे. कारकुनानं दोनदा वाचला. म्हणाला, "मॅडम, कर्मचारी मयत झाले म्हणताय. रिटायर होऊनही इतकी वर्षं झाली. हा लावू कुठं मी?" मी म्हणाले, "त्याच पानाला टाचणी मार, जिथं ते वाक्य आहे." तो हसला. चांगला पोरगा होता, शिक्का मारून प्रत दिली. पण ते कपाट उघडायला काही तो उठला नाही.

ती प्रत घेऊन मी पुण्यानुमोदनाला बिलोलीला आले. तुमच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, आत वंदना चाललेली. तुम्ही रोज सकाळी माझ्या खिडकीशी "जयभीम, बाई" म्हणायचात अन मी अठरा वर्षं "नमस्कार" म्हणत आले. कुणी शिकवलं नव्हतं, पण जीभ वळायची नाही. परवा वहिनी समोर आल्या तर मी म्हणाले, "जयभीम, वहिनी." त्या म्हणाल्या, "जयभीम. या, बाई. ते तुमचीच वाट बघायचे."

वंदना झाल्यावर मी कागद त्यांच्या हातात दिला. काय लिहिलंय ते सांगितलं. वहिनींनी कागद तुमच्या फोटोपाशी ठेवला, वर फूल ठेवलं अन म्हणाल्या, "हे तर त्यांला माहीत व्हतं की. पहिल्या दिवसापासनं." मग दाराच्या मागं बोट केलं. कुबडी होती. खालचं रबर एका बाजूनं झिजलेलं.

"डॉक्टर म्हणले, अजून पंधरा दिवस वापरा," वहिनी सांगत होत्या. "ऐकतील कशाला? आंगणात दोन फेऱ्या बिनकुबडीच्या मारल्या अन म्हणले, फोन आण, बाईला सांगायचंय, बाईला द्याया जबाब घावला. लेकरावानी खूश झालते. फोन ठेवल्यावर मी पुसलं, काय म्हणल्या हो बाई? तर हासले. म्हणले, कळलं न्हाई त्यांला. कळंल."

कळलं, सोनकांबळे. तिथंच, दाराशी, चार बायकांत कळलं. दोन महिने उशिरा कळलं.

पण तुम्हालाही विचारते, आता शेवटचं. फोनवर मी कॅल्शियमचं बोलले, तुम्हाला दिसलं की बाईच्या डोक्यात शिरलेलं नाही. मग उघड का नाही बोललात? 'बाई, तुमचं वाक्य खोटं होतं', एवढंच. मी त्याच दिवशी बस धरून आले असते, पाय धरले असते तुमचे, तुम्ही जिवंत असताना. रेणूच्या आईला सांगितलं नाहीत, मलाही सांगितलं नाहीत. दोन्ही वेळा तुम्हाला वाटलं, म्या हायच की.